सोमवारपर्यंतची पुडी

हिरे घासायच्या घंटीभोवती चार माणसं बसतात. मधे चाक फिरत असतं आणि चौघे आपापला हिरा त्यावर टेकवून घासत असतात. एक उठला तरी चाक फिरतं. सुरतेकडचे लोक सांगतात, चौघेही उठून गेले तरी आवाज कानात बरेच दिवस राहतो.

हिंगाची डबी रिकामी झाली तरी वास जात नाही.

एकदा डोळे मिटले की हो. दोनदा मिटले की नाही.

परवा माझ्या काउंटरवर एक मुलगी आली, सोबत तिचा होणारा नवरा. ठाण्याचा मॉल, काचेखाली यंत्रात वाढवलेले हिरे. तीन कॅरेटचा दीड लाखात. तिनं बोटात घालून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, पाच वर्षांनी याचे किती येतील?" मी म्हटलं, "तुम्ही चहा घेणार का?"

पौषध घेऊन साधूसारखं राहायला बसलेल्या जैन माणसाजवळ फोन नसतो.

"भाव पडतो ना, तेव्हा हिरा लहान दिसायला लागतो," माझे वडील, अण्णा, सांगायचे. "ब्याऐंशी साली मी स्वतः अनुभवलंय. ऐंशीत त्याच खड्याकडे बघून छाती फुगायची. दोन वर्षांनी तोच खडा तांदळाच्या कण्यांत टाकला तर सापडणार नाही असं वाटायचं. म्हणून मंदीत पुडी उघडायची नाही. खड्याला काही होत नाही, बघणाऱ्याचा डोळा बिघडतो."

शुक्रवार, सकाळी अकरा

दोन हजार आठ. दसऱ्याचा दुसरा दिवस.

लहेरचंद शेठनी हिरा पांढऱ्या कागदावर ठेवला आणि कागद खिडकीकडे सरकवला. ऑपेरा हाउसच्या त्या इमारतीत उत्तरेकडची खिडकी ज्याच्याकडे, तो मोठा. उत्तरेच्या उजेडात हिऱ्याला काही लपवता येत नाही.

"तीन कॅरेट एक सेंट," शेठ म्हणाले. "भूपत वघासियाला पाहिजे आहे. त्याचं दुबईचं गिऱ्हाईक आहे. पंचवीस लाखांच्या खाली बोलला तर पुडी तशीच परत आण."

"आणि वर बोलले तर?"

"तर मी विचार करीन. पण हेमांगी, चारच्या आत ये. चारनंतर मी उपाश्रयात. आमची ओळी चालू आहे, नऊ दिवसांचं तप, त्यात तीन दिवसांचा पौषध घेतोय. मग सोमवारी सकाळपर्यंत मी साधू. साधूला भाव विचारायचा नाही."

शेठ पालनपूरचे, पण जन्म गिरगावातला. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ होतं.

"चारच्या आत येते."

"तुझ्या बापाने पस्तीस वर्षांत एकदाच उशीर केला. स्वतःच्या लग्नाला. तोही माझ्या मालापायी."

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. दलाली माझी नव्हे, अण्णांची, वसंत तोडणकरांची. इकडे पालनपुरी व्यापारी, तिकडे काठियावाडी कारखानदार, आणि मधे पुड्या पोचवणारा रत्नागिरीकडचा एक माणूस. एप्रिलमध्ये त्यांना झटका आला. वाचा गेली, मानेखालचं सगळं अंग गेलं. त्यांची कमरेची कापडी थैली मी माझ्या कमरेला बांधली. बाईमाणूस म्हणून बाजार पहिले आठ दिवस हसला, मग "वसंतभाईची मुलगी" म्हणून दारं उघडू लागला. माझं स्वतःचं असं तिथे काही नव्हतं. जे होतं ते अण्णांचं नाव होतं.

शुक्रवार, दुपारी साडेतीन

भूपतभाईंनी हिरा चार वेळा पाहिला. प्रत्येक वेळी भिंग पुसलं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांची एका टेबलाची जागा होती, खरा कारखाना सुरतेत, वराछाला. अकरा घंट्या, चव्वेचाळीस कारागीर. त्यांना सगळ्यांची नावं पाठ होती.

"बेन, दुबईवाला फोन उचलत नाही."

"मग थांबू या की. पुढच्या आठवड्यात बघू."

"ना, ना. कालच तो बोलला, पाठव म्हणून. नमाजाला गेला असेल, शुक्रवार आहे." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग हिऱ्याकडे. "लिहा. सव्वीस. सोमवारी रोकडा."

इथे आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. गिऱ्हाईक भाव बोललं की दलाल हिरा त्याच्यासमोर पुडीत घालतो. कागदाच्या पाच घड्या. वर भाव लिहायचा, घडीवर कागदी पट्टी चिकटवायची, आणि गिऱ्हाइकाने व दलालाने अशी सही करायची की तिचा अर्धा भाग पट्टीवर येईल आणि अर्धा पुडीवर. तिथून ती पुडी दलालाच्या ताब्यात. मालकाचं उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाला मागे फिरता येत नाही आणि मालकाला दुसऱ्या कुणाला हिरा दाखवता येत नाही. मालकाने हो म्हटलं की सौदा झाला, मग मधल्या वेळात भाव आभाळाला जावो की खड्ड्यात. कोर्ट नाही, करारनामा नाही. फक्त ती पट्टी. उत्तराआधी पट्टी तुटली तर सौदा मेला. भाव बोललेला माणूस मोकळा. आणि ज्याच्या ताब्यात ती तुटली, त्या दलालाच्या हातात परत कुणी पुडी देत नाही.

भूपतभाईंनी सही केली. मी केली. चारला पाच मिनिटं कमी होती.

मी जवळजवळ पळतच निघाले. गल्लीत नेहमीसारखे दलाल घोळक्याने उभे होते, पण बोलत कुणी नव्हतं. ते मला आधी कळलंच नाही. दोनशे माणसं रस्त्यात उभी आणि आवाज नाही. मग एकाचं बोलणं कानावर आलं. न्यूयॉर्कवाल्यांनी पाठवलेला माल न उघडता परत केला. अँटवर्पमध्ये मोठ्या खड्यांना गिऱ्हाईकच नाही. बाजारभावाच्या यादीत जुनाच भाव छापलाय, पण यादीने कोण घेतो?

"तीन कॅरेटवाले मेले आज," कुणीतरी म्हणालं.

मी थैलीवर हात ठेवला.

शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं

"शेठ गेले," त्यांचे मुनीम मेहताजी म्हणाले. "चार ठोक्याला."

"ही पुडी…"

"शेठ नसताना बंद पुडी मी हातात घेत नाही. तुम्हाला माहीत आहे." ते खाली बघूनच बोलत होते. "इमारतीची तिजोरी पण चारला बंद झाली. जपून न्या. सोमवारी साडेदहा."

सव्वीस लाखांची पुडी कमरेला बांधून मी ठाकूरद्वारच्या घरापर्यंत चालत गेले. रोजचा रस्ता होता. त्या दिवशी मला प्रत्येक माणसाचे फक्त पाय दिसत होते. चपला, बूट, चपला. मागे वळून बघायचं धैर्य नव्हतं, म्हणून खाली बघत होते आणि मागून येणारे पाय मोजत होते.

शुक्रवार, संध्याकाळी सात

पुडी हिंगाच्या डबीत होती आणि डबी स्वयंपाकघराच्या फळीवर. मीठ, हळद आणि मग हिंग. झाकण घट्ट होतं. मी ते दोनदा दाबून पाहिलं.

अण्णांकडे बघायला येणाऱ्या कुंदाताई त्यांना पेज भरवून गेल्या. "हेमा, तुझा चेहरा का असा? बरं नाही का?"

"ऊन लागलं."

"ऑक्टोबरच मेला असा. सरबत घे."

अण्णा पलंगावर. त्यांना फक्त डोळे उरले होते, आणि ते माझ्यावरून हलत नव्हते. मी पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसले.

फोन वाजला.

"बेन, भूपत." मागे रस्त्याचा आवाज होता. "शेठ काय बोलले?"

"शेठ पौषधाला बसलेत. सोमवारी उत्तर."



"दुबईवाल्याचा फोन लागला," मग ते म्हणाले. "त्याच्या भावाने उचलला. माल नको म्हणाला. काहीच नको म्हणाला. गल्लीत विचारलं, या खड्याला आज सोळा देतात. ते पण विचार करून."

मी फळीवरच्या डबीकडे पाहिलं.

"बेन, पट्टी शाबूत आहे ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "म्हणजे काय?"

"काही नाही. विचारलं. कागदाचीच पट्टी ती. घरात पाणी असतं, मुलं असतात…"

"आमच्याकडे मुलं नाहीत, भूपतभाई."

"हां. ते पण खरं."

"पट्टी शाबूत आहे."

"हां," ते म्हणाले. "वसंतभाईच्या घरात आहे. मी वेडा, काही पण विचारतो."

शनिवार, दुपारी एक

मी बाजारात गेले, ते केवळ घरात बसवेना म्हणून. दुपारपर्यंत सोळाचा चौदा झाला होता. दोन कार्यालयांना कुलपं. जिन्यात एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी बाजूने गेले तरी वळला नाही. त्याच्या खांद्याला हात लावावा असं वाटलं, पण त्याचा चेहरा बघायची भीती वाटली.

घरी आले तर दार उघडं. दारात अनोळखी चपला. काळ्या, टाचेला झिजलेल्या.

कुंदाताई नव्हत्या. आतून पाण्याचा आवाज आला. भांडं आपटल्याचा. स्वयंपाकघरातून.

मला हाक मारता येईना. उंबऱ्यावर उभी राहिले आणि फळीवरची ती डबी डोळ्यांसमोर आणत राहिले, मीठ, हळद, हिंग, मीठ, हळद, हिंग.

भूपतभाई पेला घेऊन बाहेर आले. "बेन! तुम्ही आलात. त्या बाई म्हणाल्या, पाच मिनिटं बसा, मी भाजी घेऊन येते. वसंतभाईंचे ओठ सुकले होते, म्हणून पाणी आणलं."

ते पलंगापाशी बसले, चमच्याने पाणी पाजू लागले. त्यांचा हात स्थिर होता. हिरे घासलेल्या माणसाचा हात. एक थेंब सांडला नाही.

"तुम्ही इथे का आलात?" माझा आवाज चिरकला.

"विचारायला."

"मला?"

"तुम्हाला काय विचारणार? तुम्ही काल सांगितलं, शाबूत आहे म्हणून. वसंतभाईंना विचारायला आलो." त्यांनी रुमालाने अण्णांची हनुवटी पुसली. "एकवीस वर्षांचा होतो, घंटीवर बसत होतो. पहिला माल यांनी दिला मला, शेठला सांगून. तर मी विचारलं यांना आत्ता. म्हटलं, वसंतभाई, बोललेला भाव माणसाने फिरवावा का? चव्वेचाळीस घरं आहेत माझ्यामागे, दिवाळी आली. अशा वेळी तरी?"

"मग?"

"दोनदा मिटले." ते हसले. हसू ओठांपर्यंतच आलं. "दोनदा म्हणजे नाही ना?"

"हो. दोनदा म्हणजे नाही."

"मग झालं. संध्याकाळी सुरतला जातो. सोमवारी पैसे घेऊन येतो."

"कुठून आणणार?"

"ते माझ्यावर सोडा. बेन, तुम्ही घाबरलात का मला बघून? मी काय पुडी पळवतो?" आता ते खरोखरच हसले. "हिंगाचा वास मारतोय थैलीला तुमच्या. वसंतभाई पण हिंगाच्याच डबीत ठेवायचे. सगळ्या बाजाराला माहीत होतं."

ते उठले, अण्णांच्या पायांना हात लावला. मी दारापर्यंत गेले. माझ्या घशात एक वाक्य आलं होतं. ते जिन्यावरून उतरत होते. एक मजला. दुसरा. टाचेला झिजलेल्या चपलांचा आवाज लहान होत गेला. वाक्य घशातच राहिलं.

मागे वळले तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत होते. ते डोळे मिटतच नव्हते. एकदाही नाही, दोनदाही नाही.

रविवार

फोन आला नाही.

दहाला वाटलं, बरं झालं. बाराला वाटलं, का आला नाही? पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या, सुरतेच्या एका रत्नकलाकाराने पुलावरून उडी टाकली. नाव दिलं नव्हतं. मी त्या चार ओळी इतक्यांदा वाचल्या की शाई बोटाला लागली.

दोन वाजता मीच फोन केला. वाजून बंद झाला. तीनला. साडेतीनला. चार वाजता एका बाईने उचलला.

"ते कारखान्यात गेलेत. फोन इथेच विसरले."

"आज? रविवारी?"

"हो. माणसं आलीत." मग ती कुणाशी तरी बोलली, आणि तिचा आवाज एकदम ओला झाला. "तुम्ही मुंबईहून का? आता फोन करू नका, बेन. आता काय करायचं राहिलं?"

तिने फोन ठेवला.

मी फोन धरून तशीच बसले. मनात एकच होतं, आणि ते लिहायला आजही हात धजत नाही: तो माणूस नसेलच तर सोमवारी शेठपुढे उभं राहायला नको. एवढं मनात आलं. 

सोमवार, सकाळी साडेदहा

भूपतभाई माझ्याआधी येऊन बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, मांडीवर रेक्झिनची बॅग. त्यांना बघून मी दाराची चौकट धरली. आनंदाने असेल. नक्की सांगता येत नाही.

शेठ तीन दिवसांच्या तपाने थोडे वाळले होते. कपाळावर केशराचा टिळा. दारात दोन-तीन दलाल रेंगाळत होते. पडत्या बाजारात असा सौदा बघायला माणसं थांबतातच.

मी पुडी ठेवली. शेठनी उचलली, नाकाशी धरली. "हिंग. वसंतचं सगळं घेतलंस तू." भाव वाचला. "सव्वीस. भूपत, बाजार कुठे आहे माहीत आहे?"

"तेरा, शेठ. आज सकाळी."

"आणि तू?"

"मी शुक्रवारी बोललो ना." भूपतभाईंनी बॅग टेबलावर ठेवली. "आणलेत."

शेठ त्यांच्याकडे बघत राहिले. "कुठून आणलेस?"

"वराछाचा गाळा मामाच्या मुलाला दिला. घंट्यांसकट. त्याला गोदाम करायचंय. घंट्या काल भंगारवाल्याने उचलल्या. त्यात कमी पडले ते बायकोचं सोनं." हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "पोरांना काल हिशेब देऊन गावी पाठवलं. रडले थोडे. दिवाळी आहे ना."

दारातल्यांपैकी कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

"मंजूर," शेठ म्हणाले. हलक्या आवाजात. "मंदी आली म्हणून शब्द स्वस्त होत नाही. तू आज जे केलंस ते मी विसरणार नाही, भूपत. उद्या बाजार उठला की पहिला माल तुला."

आणि पुडी उघडण्याआधी, केवळ सवयीने, त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

उत्तरेचा उजेड होता.

पंख्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्याला एक करकर होती. दर फेरीला एकदा. मी अठरा करकरी मोजल्या.

"सही तुटली आहे," शेठ म्हणाले.

त्यांनी पुडी उजेडात तिरकी धरली.

"भूपतच्या 'भ'चा पाय. पट्टीवर आहे तो आणि कागदावर आहे तो. केसाएवढं अंतर आहे मधे. ही पट्टी सोडवून परत चिकटवली आहे." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सौदा मेला."

मला वाटलं भूपतभाई ओरडतील, रडतील. ते नुसते बॅगेकडे बघत होते. "म्हणजे… मी बांधील नव्हतो?"

"नाही."

"मग घंट्या?"

 शेठचा चेहरा हळूहळू बदलत होता, आणि दारातल्यांचाही. पडत्या भावात पट्टी तुटली तर फायदा एकाच माणसाचा. बाजारात लहान मूलही एवढं सांगेल.

"भूपत," शेठ म्हणाले, "तू वसंतकडे गेला होतास का?"

"गेलो होतो. शनिवारी."

"पुडी तिथेच होती?"

"हां. डबीत असणार." त्यांनी वर पाहिलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खोलीतले सगळे त्यांच्याकडे कसे बघताहेत. "शेठ. शेठ, मी तर… मी पैसे घेऊन आलो ना!"

"आधी हात चालवला असशील. मग वाटलं असेल, पकडला जाईन. मग पैसे जमवले. भीतीत माणूस काय करेल, सांगता येत नाही."

भूपतभाई माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मी काहीतरी सांगेन याची ते वाट बघत होते.

"अण्णा," मी म्हणाले.

"काय?"

"अण्णांचा हात लागला. डावा हात थोडा हलायला लागलाय त्यांचा. मी डबी त्यांच्या उशाशी ठेवली होती. पुडी बाहेर पडली असेल, त्यांनी चाळा केला असेल. मग मी घाबरून चिकटवली."

माझ्या तोंडातून ते इतकं सरळ आलं की क्षणभर मलाही ते दिसलं. अण्णांचा हात, चादरीवरून सरकणारा.

शेठनी टोपी घातली. "चला. वसंतलाच विचारू."

सोमवार, दुपारी बारा

शेठ जिना चढून वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. तीन दिवसांचा उपास होता. ते पलंगाच्या कडेला बसले. भूपतभाई बॅग छातीशी धरून बाहेर गॅलरीत उभे राहिले, आत यायला तयार झाले नाहीत.

"जय जिनेंद्र, वसंत." शेठनी अण्णांचा डावा हात आपल्या हातात घेतला. सौदा ठरला की बाजारात हात मिळवतात, तसा. "पस्तीस वर्षांत मी तुला कधी असं विचारलं नाही. आज विचारतो. पट्टी तुझ्या हाताने तुटली?"

अण्णांनी शेठकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

गॅलरीत कावळा ओरडला. खाली कुणीतरी भंगार विकत घेणारा हाक देत चालला होता.

अण्णांनी डोळे मिटले. उघडले. मी दुसऱ्यांदा मिटण्याची वाट बघत राहिले. शेठही थांबले. आम्ही दोघं त्या पापण्यांकडे बघत होतो.

एकदाच.

शेठ आणखी थोडा वेळ तो हात धरून होते. मग त्यांनी तो चादरीवर ठेवला. ठेवला तसाच पडला, तळवा वर, बोटं अर्धवट उघडी. शेठनी त्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सगळं कळलेल्या माणसाची नजर असते ना, तशी नजर होती ती, आणि तिच्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"वसंतच्या हाताने तुटली," ते म्हणाले. "बाजारात मी तेच सांगेन. आजारी माणूस आहे. भूपतचं नाव कुणी काढणार नाही." ते उठले. "थैली दे, पोरी."

मी कमरेची थैली सोडून त्यांच्या हातात दिली.

शेठ उतरले. भूपतभाई मागे थांबले. त्यांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बेन, एक विचारू? राग नाही माझा. म्हाताऱ्या माणसाचा काय दोष." त्यांनी ओठ ओले केले. "फक्त एवढंच. कधी तुटली? रविवारी रात्री, की आधी? शनिवारी मी इथे पाणी पाजत होतो तेव्हा…?"

मी गॅलरीच्या कठड्याकडे बघत राहिले.

"नाही, म्हणजे, रविवारी दहाला घंट्या उचलल्या. त्याच्यानंतर तुटली असेल तर मला बरं वाटेल. मग काही इलाजच नव्हता, असं."

"नक्की आठवत नाही," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "घाबरल्यावर आठवत नाही."

त्यांना मी नंतर पाहिलं नाही. अमरेलीकडे भावाची शेती बघतात असं कुणाकडून तरी कळलं. बाजार दोन वर्षांत उठला. तोच तीन कॅरेट एक सेंटचा खडा शेठनी अकरा साली चाळिसाला विकला. मेहताजी एकदा भेटले तेव्हा म्हणाले. आता त्याला तेवढे येणार नाहीत. आता माझ्या काउंटरवर यंत्रातला खडा दीड लाखात मिळतो, तेवढाच, कदाचित जास्त स्वच्छ.

अण्णा त्यानंतर पाच महिने होते. पाणी हवंय? एकदा. पाठ दुखते? एकदा. खिडकी लावू? एकदा. उघडू? एकदा. अण्णा, रागावलात माझ्यावर? एकदा. अण्णा, नाही ना रागावलात? एकदा. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधीच दोनदा डोळे मिटून दाखवले नाहीत.

शुक्रवार, संध्याकाळी पाच

घरी पोचल्याबरोबर मी दाढीच्या जुन्या ब्लेडने पट्टी सोडवली आणि पुडी उघडून हिरा लहान दिसतो का ते बघितलं. अण्णा जागे होते. हिरा तेवढाच होता.